हरित प्रमाणपत्र आणि विजेचे मीटर

गेल्या वीस वर्षांत आपल्या मोठ्या शहरांतील नव्या इमारतींच्या दर्शनी दालनात एक नवी वस्तू दिसू लागली आहे. पूर्वी तेथे कोनशिला असे. आता काचेची किंवा धातूची एक तबकडी असते आणि ही इमारत ‘हरित’ असल्याचे, तिला अमुक इतके तारे किंवा सुवर्ण अथवा प्लॅटिनम श्रेणी मिळाल्याचे ती येणाऱ्याजाणाऱ्यास सांगते. सदनिका विकणाऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत आणि कार्यालयांसाठी जागा भाड्याने देणाऱ्यांच्या जाहिरातीत या श्रेणीला मानाचे स्थान असते. त्याच इमारतीच्या तळघरात, वीजजोडणीच्या खोलीत, आणखी एक वस्तू असते. तिच्याकडे कोणी पाहुण्यांना नेत नाही. ती वस्तू म्हणजे विजेचे मीटर. तबकडी जे सांगते तेच मीटरही सांगते काय, हा साधा प्रश्न आपल्याकडे अद्याप पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला नाही.

तो विचारण्याचे कारण केवळ बौद्धिक कुतूहल नव्हे. महाराष्ट्रात हरित प्रमाणपत्राच्या बदल्यात बांधकाम व्यावसायिकाला वाढीव चटईक्षेत्र मिळते. चटईक्षेत्र ही शहरांत पैशाहूनही दुर्मीळ झालेली वस्तू आहे आणि ती सर्व नागरिकांच्या मालकीची आहे. कारण वाढीव बांधकामाचा भार रस्ते, पाणी आणि सांडपाणी यांवर पडतो व तो सारे शहर वाहते. ज्या बचतीच्या आश्वासनावर हे दान दिले जाते, ती बचत प्रत्यक्षात होते की नाही हे पाहण्याचा अधिकार म्हणूनच समाजाला आहे. दुर्दैवाने आजच्या व्यवस्थेत आश्वासन तपासले जाते, बचत तपासली जात नाही.

प्रारंभ योग्य होता

हरित इमारतींची चळवळच मुळात थोतांड आहे, असे म्हणणाऱ्यांचा एक वर्ग आहे. त्यांच्याशी सहमत होण्याचे कारण नाही. २००१ साली संसदेने ऊर्जा संवर्धन कायदा केला आणि पुढील वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. याच ब्यूरोने २००७ साली मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता तयार केली. भिंती आणि छपरे यांतून किती उष्णता आत यावी, काच कशी असावी, दिवे आणि वातानुकूलन यंत्रणा किती कार्यक्षम असाव्यात, याची किमान मर्यादा भारतीय हवामानाचे पाच विभाग कल्पून या संहितेने प्रथमच घालून दिली. २०१७ साली तिची सुधारित आवृत्ती आली आणि तिने साधे पालन, अधिक पालन व सर्वोच्च पालन अशा तीन पायऱ्या आखल्या. त्यांतून अनुक्रमे २५, ३५ आणि ५० टक्के ऊर्जाबचत अपेक्षित धरली. घरांसाठी २०१८ साली ‘इको निवास संहिता’ आली. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याची व्याप्ती वाढविली. शंभर किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या इमारतींसाठीची ही संहिता निवासी इमारतींनाही लागू करण्याची आणि ही मर्यादा खाली आणण्याची मुभा राज्यांना दिली.

कायद्याच्या या वाटेला समांतर अशी दुसरी वाट ऐच्छिक प्रमाणपत्रांची होती. भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने २००१ साली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल स्थापन झाली. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राच्या सुमारे वीस हजार चौरस फुटांच्या इमारतीला २००३ साली अमेरिकेतील ‘लीड’ पद्धतीची प्लॅटिनम श्रेणी मिळाली आणि आपल्याकडील उद्योगजगताचे लक्ष या विषयाकडे वेधले गेले. अमेरिकन पद्धती आपल्या हवामानाला आणि राहणीला सर्वस्वी जुळणारी नाही, हे ओळखून ‘टेरी’ या संस्थेने ‘ग्रिहा’ ही देशी पद्धती विकसित केली आणि केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २००७ साली तिचा राष्ट्रीय पद्धती म्हणून स्वीकार केला. वातानुकूलन नसलेल्या इमारतींनाही ग्रिहाने आवर्जून स्थान दिले, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. आज हरित श्रेणीसाठी नोंदल्या गेलेल्या प्रकल्पांचे क्षेत्रफळ अब्जावधी चौरस फुटांत सांगितले जाते. एका अर्थाने हे यश आहे. परंतु नोंदणी, प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष बचत या तीन भिन्न गोष्टी आहेत आणि आकडे देताना तिन्हींची सरमिसळ होते.

कल्पित इमारतीशी स्पर्धा

प्रमाणपत्रासाठी ऊर्जेची अट पूर्ण केल्याचे सिद्ध कसे केले जाते, हे सामान्य वाचकाला सहसा ठाऊक नसते. ते समजून घेतल्याखेरीज पुढील चर्चा व्यर्थ आहे. ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात एकेका घटकाची मर्यादा पाळावयाची असते. उदाहरणार्थ, २०१७ च्या संहितेत या मार्गाने जाणाऱ्या इमारतीच्या बाह्य भिंतींत काचेच्या खिडक्यांचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. दुसरा मार्ग संपूर्ण इमारतीच्या एकत्रित कामगिरीचा आहे. त्यात वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून संगणकात इमारतीचे प्रतिरूप उभारले जाते. तिच्या शेजारी, त्याच क्षेत्रफळाची आणि त्याच उपयोगाची, पण नियमाने सांगितलेली किमान गुणवत्ता असलेली दुसरी एक इमारत कल्पिली जाते. दोन्ही इमारती संगणकातच वर्षभर ‘चालविल्या’ जातात आणि नियोजित इमारत त्या कल्पित इमारतीपेक्षा किती टक्के कमी ऊर्जा वापरील, यावर गुण ठरतात.

ही पद्धत चुकीची आहे असे नाही. आराखडा कागदावर असतानाच दोन पर्यायांची तुलना करावयाची तर याहून चांगले साधन उपलब्ध नाही. कामगिरीच्या मार्गाने वास्तुविशारदाला स्वातंत्र्यही मिळते. पण या स्वातंत्र्याला दुसरी बाजू आहे. एका ठिकाणी केलेला अपव्यय दुसऱ्या ठिकाणच्या काटकसरीने भरून काढता येतो. पश्चिमेकडे तोंड करून उभ्या केलेल्या काचेच्या भिंतीतून आत येणारे ऊन महागड्या काचेने आणि अधिक कार्यक्षम शीतन यंत्राने कागदावर भरून निघते. यंत्राची कार्यक्षमता वयोमानाने घटते. भिंतीची दिशा मात्र इमारत उभी असेपर्यंत बदलत नाही.

दुसरी अडचण टक्केवारीची आहे. समजा, एका इमारतीचा आराखडाच मुळात वातानुकूलनावर बेतलेला आहे. तिच्या जोडीच्या कल्पित इमारतीला दर चौरस मीटरला वर्षाकाठी २४० युनिट लागतात आणि ती तीस टक्के बचत करून १६८ युनिटांवर येते. दुसऱ्या इमारतीत मजल्यांची खोली बेताची आहे, दिवसाचा उजेड आतपर्यंत पोचतो, निम्मे कामकाज पंख्यावर भागते. तिच्या जोडीची कल्पित इमारत १४० युनिट वापरते आणि ती दहा टक्के बचत करून १२६ वर थांबते. गुणपत्रिकेत पहिली इमारत वरचढ ठरेल. वीज मात्र दुसरी कमी वापरील. स्पर्धा शेजारच्या खऱ्या इमारतीशी न ठेवता स्वतःच्याच कल्पित छायेशी ठेवली, म्हणजे असे होणे अपरिहार्य आहे.

अमेरिकेचा अनुभव

ही केवळ तार्किक शंका नाही. ज्या देशातून ही पद्धत आपल्याकडे आली, तेथील अनुभवच याची साक्ष देतो. न्यू बिल्डिंग्ज इन्स्टिट्यूट या संस्थेने २००८ साली लीड प्रमाणपत्र मिळालेल्या १२१ इमारतींचा प्रत्यक्ष ऊर्जावापर अभ्यासून अहवाल प्रसिद्ध केला. या इमारतींचा वापर तेथील सर्वसाधारण इमारतींपेक्षा सुमारे एकचतुर्थांशाने कमी असल्याचे त्यात म्हटले होते आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. परंतु त्याच अहवालातील दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगितली नाही. निम्म्याहून अधिक इमारतींचा प्रत्यक्ष वापर आराखड्याच्या वेळी केलेल्या अंदाजापासून २५ टक्क्यांहून अधिक ढळला होता; काही अंदाजापेक्षा बऱ्याच चांगल्या ठरल्या होत्या, तर काही बऱ्याच वाईट. सरासरी ठीक होती, पण एखाद्या विशिष्ट इमारतीविषयी प्रमाणपत्रावरून काही सांगता येईल, अशी स्थिती नव्हती.

ओबर्लिन महाविद्यालयातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्कोफील्ड यांनी तर सरासरीच्या दाव्यालाही आव्हान दिले. तुलनेची पद्धत आणि क्षेत्रफळाचे भार यांतील दोष दाखवून, वीजनिर्मिती केंद्रात जळणाऱ्या इंधनापर्यंत हिशेब नेल्यास बचत उरत नाही, असे त्यांनी २००९ साली मांडले. पुढे न्यूयॉर्क शहराने २००९ च्या स्थानिक कायद्यान्वये मोठ्या इमारतींचा ऊर्जावापर दरवर्षी जाहीर करणे बंधनकारक केले, तेव्हा त्या आकड्यांच्या आधारे त्यांनी ९५३ कार्यालयीन इमारती तपासल्या. त्यांपैकी प्रमाणपत्र असलेल्या २१ इमारतींनी एकत्रितपणे इतरांहून कमी ऊर्जा वापरल्याचे दिसले नाही. सुवर्ण श्रेणीच्या इमारती सुमारे वीस टक्क्यांनी सरस होत्या. खालच्या श्रेणीच्या इमारती मात्र सर्वसाधारण इमारतींहून सरस नव्हत्या. एकवीस ही संख्या लहान आहे आणि तेवढ्यावरून साऱ्या चळवळीला दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही. पण यातील महत्त्वाचा धडा निष्कर्षात नाही, तो निष्कर्ष कशामुळे काढता आला यात आहे. न्यूयॉर्क शहराने आकडे उघड केले म्हणून वाद पुराव्यानिशी होऊ शकला. आपल्याकडे असा वाद घालावयाचे कोणी ठरविले तरी त्यासाठी लागणारे आकडे सार्वजनिक नाहीत.

टीकेचा परिणामही झाला. लीडच्या २००९ च्या आवृत्तीत इमारतीने पाच वर्षे प्रत्यक्ष वापराची माहिती उपलब्ध करून द्यावी, अशी अट आली. न्यूयॉर्कने त्याही पुढे जाऊन २०१९ साली मोठ्या इमारतींच्या कर्बउत्सर्जनावर मर्यादा घालणारा कायदा केला आणि ती २०२४ पासून लागू झाली. मर्यादा ओलांडणाऱ्यास दर टनामागे २६८ डॉलर दंड आहे. तेथे तबकडीला सवलत नाही. हिशेब मीटरवरून होतो.

तफावत कोठून येते?

अंदाज आणि वास्तव यांतील ही तफावत प्रत्येक वेळी लबाडीतून निर्माण होते, असे समजण्याचे कारण नाही. संगणकातील इमारतीत माणसे नेमून दिलेल्या वेळी येतात आणि वेळेवर घरी जातात, दिवे आपोआप विझतात, यंत्रे कारखान्यातून आली तशीच राहतात. खऱ्या इमारतीत रात्रपाळी असते, सभागृह रिकामे असताना थंड होत असते आणि एका खोलीतील साहेबांना गारठा हवा असतो म्हणून साऱ्या मजल्याचे तापमान खाली आणले जाते. वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढविले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. नव्या खोली-वातानुकूलकांचे मूळ तापमान २४ अंशांवर बसविण्याचे बंधन २०२० च्या आरंभापासून आले, ते याच कारणासाठी. पण चोवीस अंश हा प्रारंभबिंदू आहे. तो राखणे वापरणाऱ्याच्या हाती आहे.

दुसरे कारण बांधकामाच्या जागेवर घडते. आराखड्यात दाखविलेली काच महाग पडते आणि तिच्याऐवजी ‘तशाच’ दिसणारी दुसरी बसविली जाते. छपरावरील उष्णतारोधक थर पातळ होतो. पंप, पंखे आणि शीतन यंत्रे कार्यान्वित करताना जी बारकाईची जुळणी करावयाची असते, ती हस्तांतरणाच्या घाईत राहून जाते. इमारतीची देखभाल सर्वांत कमी दराची निविदा भरणाऱ्याकडे जाते आणि तिच्यातील स्वयंचलित नियंत्रणे कशासाठी आहेत, हे तेथील कर्मचाऱ्यास कोणी शिकविलेले नसते. पहिली तक्रार आली की तो ती बंद करून टाकतो.

तिसरे कारण हितसंबंधांचे आहे आणि तेच सर्वांत खोल आहे. इमारत बांधणारा विजेचे देयक भरत नाही; ते भरतो गाळेधारक, भाडेकरू किंवा सदनिकेत राहणारे कुटुंब. चांगल्या काचेचा खर्च एकाच्या खिशातून जातो आणि तिची बचत दुसऱ्याच्या खिशात पडते. अशा स्थितीत व्यावसायिकाला रस असतो तो श्रेणीत, कारण श्रेणी विकली जाते. आणि श्रेणी मिळाल्यानंतर इमारतीचे काय होते यात रस असण्याचे त्याला कारण उरत नाही. हा नीतिमत्तेचा प्रश्न नाही. व्यवस्थाच अशी रचली आहे की, प्रामाणिक व्यावसायिकालाही अधिक काही करण्याचे प्रयोजन राहू नये.

चटईक्षेत्राचे बक्षीस

आता आपल्या राज्याकडे वळू. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. बृहन्मुंबईचे नियम वेगळे आहेत. पण पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर यांच्यासारख्या शहरांना ही नियमावली लागू आहे. तीनुसार ग्रिहाचे तीन तारे किंवा समकक्ष रजत श्रेणी मिळविणाऱ्या इमारतीला मूळ चटईक्षेत्रावर तीन टक्के, चार तारे किंवा सुवर्ण श्रेणीला पाच टक्के आणि पाच तारे किंवा प्लॅटिनम श्रेणीला सात टक्के वाढीव चटईक्षेत्र मिळते. मूळ चटईक्षेत्र दहा हजार चौरस मीटर असेल, तर सात टक्के म्हणजे सातशे चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेसात हजार चौरस फूट. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या चांगल्या वस्तीत याचे मोल किती होते, हे वाचकांना सांगावयास नको.

हे बक्षीस पूर्व-प्रमाणपत्राच्या आधारे, म्हणजे इमारत उभी राहण्यापूर्वीच मिळते. अंतिम भोगवटा घेताना कबूल केलेली श्रेणी प्राप्त झाली नाही, तर त्या वाढीव क्षेत्रासाठी वार्षिक दरतक्त्यातील जमीनमूल्याच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे. शासनाने दंड ठेवला ही गोष्ट स्तुत्य आहे. परंतु ज्या क्षणी तपासणी होते तो क्षण पाहावा. भोगवट्याच्या वेळी इमारत रिकामी असते. तिच्यात अद्याप कोणी एक दिवसही काम केलेले नसते, एक उन्हाळाही गेलेला नसतो. त्या क्षणी तपासता येते ती बांधणी आणि कागदपत्रे. ऊर्जेच्या कामगिरीची परीक्षा घ्यावयाची तर ती मीटर फिरू लागल्यानंतरच घेता येईल, आणि नेमका तेव्हा परीक्षक निघून गेलेला असतो. दिलेले चटईक्षेत्र कायमचे आहे. त्याच्या बदल्यात घेतलेली हमी एका दिवसाची.

याच नियमावलीने शासकीय, निमशासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या इमारतींना किमान तीन तारे किंवा रजत श्रेणी मिळविणे बंधनकारक केले आहे. हे पाऊल उचित आहे. पण मग या इमारतींपैकी एकीच्या तरी दारावर गतवर्षी दर चौरस मीटरला किती वीज लागली, हा आकडा लावावा अशी अट का असू नये? इंग्लंड आणि वेल्समध्ये मोठ्या सार्वजनिक इमारतींना २००८ पासून प्रत्यक्ष वापरावर आधारलेले ऊर्जापत्रक लोकांना दिसेल अशा जागी लावावे लागते. आरंभी एक हजार चौरस मीटरपासून लागू झालेली ही अट पुढे अडीचशे चौरस मीटरपर्यंत खाली आली. करदात्यांच्या पैशाने जी वीज जळते, तिचा हिशेब करदात्यांसमोर ठेवण्यात अवघड काही नाही.

मोजणे अशक्य आहे काय?

यावर बांधकाम व्यावसायिकांचा एक आक्षेप असतो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. इमारत विकून झाल्यावर गाळेधारकाने किती यंत्रे लावावीत आणि किती तास काम करावे, यावर आमचे नियंत्रण नाही. मग त्याच्या देयकाची जबाबदारी आमच्यावर का? या आक्षेपाला ऑस्ट्रेलियाने वीस वर्षांपूर्वीच व्यवहार्य उत्तर शोधले आहे. तेथील ‘नेबर्स’ ही पद्धत बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष ऊर्जावापरावरून इमारतीला तारे देते. सामाईक यंत्रणा, म्हणजे मध्यवर्ती वातानुकूलन, उद्वाहने, जिन्यातील व दालनातील दिवे, यांचा हिशेब मालकाच्या नावे आणि गाळ्यातील दिवे व उपकरणे यांचा भाडेकरूच्या नावे, असे दोन वेगळे मोजमाप तेथे होते. कामाचे तास आणि हवामान यांसाठी आकड्यांत योग्य ती दुरुस्तीही केली जाते. नवी इमारत बांधणारा अमुक तारे मिळवीन असा करार आधी करतो आणि भोगवट्यानंतर वर्षभराच्या मीटरवरून तो करार पाळला गेला की नाही हे ठरते. २०१० च्या कायद्याने मोठी कार्यालयीन जागा विकताना किंवा भाड्याने देताना ही श्रेणी जाहीर करणे बंधनकारक झाले. दोन हजार चौरस मीटरची मर्यादा २०१७ साली एक हजारावर आणली गेली. परिणामी व्यावसायिक आराखड्यापासून देखभालीपर्यंत सावध राहतो, कारण परीक्षा अजून व्हावयाची आहे हे त्याला माहीत असते.

यासाठी ऑस्ट्रेलियापर्यंत जाण्याचेही कारण नाही. आपल्याच ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००९ साली कार्यालयीन इमारतींसाठी तारांकन योजना सुरू केली आणि ती प्रत्यक्ष वापरावरच आधारलेली आहे. दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट वीज लागली, हा एकच आकडा त्यात पाहिला जातो. योजनेच्या मूळ कोष्टकानुसार मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानातील, निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असलेल्या कार्यालयाला दोनशे ते पावणेदोनशे युनिटांस एक तारा आणि शंभर युनिटांच्या आत राहिल्यास पाच तारे, अशी ही सरळ मोजपट्टी होती. ती कोणासही समजते आणि तीत कल्पित इमारतीला जागा नाही. दोष इतकाच की ती ऐच्छिक राहिली आणि चटईक्षेत्राचे बक्षीस तिच्याशी जोडले गेले नाही. ज्या पद्धतीत मोजमाप आहे तिला लाभ नाही आणि ज्या पद्धतीत लाभ आहे तिच्यात मोजमाप नाही, असा हा उलटा न्याय आहे.

मोजल्याने काय साधते याचेही देशी उदाहरण आहे. इन्फोसिसने हैदराबाद येथे २०११ च्या सुमारास एक कार्यालयीन इमारत उभारताना तिचे दोन सारखे भाग केले. एका भागात नेहमीचे, पण उत्तम दर्जाचे हवेवर चालणारे वातानुकूलन बसविले. दुसऱ्या भागात काँक्रीटच्या लाद्यांतून थंड पाणी खेळवून खोली गार ठेवण्याची पद्धत वापरली. दोन्ही भागांवर स्वतंत्र मीटर होते. दोन वर्षांच्या मोजणीनंतर दुसऱ्या भागाला सुमारे ३४ टक्के कमी ऊर्जा लागल्याचे दिसून आले. ही इमारत प्लॅटिनम श्रेणीची होती, पण तिचे महत्त्व श्रेणीत नाही. कोणती पद्धत चांगली हा वाद तिने मत मांडून मिटविला नाही, मीटर लावून मिटविला.

काय करता येईल

राज्य शासनाला यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. नियमावलीतील काही ओळी बदलल्या तरी पुष्कळ होईल. पहिली गोष्ट, वाढीव चटईक्षेत्राच्या मूल्याचा काही भाग बँक हमीच्या रूपाने भोगवट्यानंतर दोन वर्षे राखून ठेवावा आणि बारा सलग महिन्यांच्या मीटर-नोंदी आराखड्यातील अंदाजाशी, कामाच्या तासांची योग्य दुरुस्ती करून, ताडून पाहिल्यावरच ती हमी मोकळी करावी. दुसरी, सामाईक यंत्रणांना आणि गाळ्यांना वेगळी मीटर असणे ही प्रमाणपत्राची पूर्वअट असावी. त्याशिवाय जबाबदारी कोणाची हे कधीच ठरणार नाही. तिसरी, चटईक्षेत्राचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक इमारतीचा दर चौरस मीटर वापर महापालिकेने वर्षातून एकदा प्रसिद्ध करावा. शरमेचा धाक दंडाच्या धाकाहून अनेकदा परिणामकारक ठरतो. चौथी, याचा आरंभ शासनाने स्वतःच्या इमारतींपासून करावा. आणि पाचवी, या नोंदी वाचू शकणारे अभियंते महापालिकांनी तयार करावेत. अन्यथा मीटरच्या नोंदीही आणखी एका फायलीत जातील आणि कागदी घोडे नाचविण्याचा आपला जुना शिरस्ता नव्या नावाने चालू राहील.

घरांच्या बाबतीत मार्ग याहून सोपा आहे, कारण तेथे यंत्रांपेक्षा भिंती आणि खिडक्या निर्णायक ठरतात. इको निवास संहितेने भिंतींतून आत शिरणाऱ्या उष्णतेवर दर चौरस मीटरला पंधरा वॅटची मर्यादा घातली आणि उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एकषष्ठांश असावे असे सुचविले. कोकणातील घरांना रुंद पागोळ्या आणि विदर्भातील वाड्यांना जाड भिंती कोणी संहिता वाचून दिल्या नव्हत्या. त्या शहाणपणाला आकड्यांची भाषा देण्याचे काम संहितेने केले आहे. या गोष्टी बांधकाम चालू असतानाच टेप घेऊन तपासता येतात. उष्णतेने तापणाऱ्या काँक्रीटच्या खोलीत मेमधील रात्र काढणाऱ्या कुटुंबाला तबकडीपेक्षा सावलीची आणि वाऱ्याची गरज अधिक आहे, आणि वातानुकूलक घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठी तर तेवढेच हरितपण उपयोगाचे आहे.

हा प्रश्न लवकर हाती घेण्याचे कारण पुढे दिसत आहे. केंद्र शासनाने मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शीतन कृती आराखड्यानुसार २०१७-१८ ते २०३७-३८ या वीस वर्षांत देशाची शीतनाची मागणी सुमारे आठपट होण्याचा अंदाज आहे. ती २० ते २५ टक्क्यांनी कमी राखण्याचे उद्दिष्ट त्यात सांगितले आहे. हे उद्दिष्ट आज उभ्या राहणाऱ्या इमारतींतच साधेल किंवा हुकेल, कारण इमारत एकदा उभी राहिली की पन्नास वर्षे तिची सवय बदलत नाही. आणि ही वीज कोठून येते तेही विसरता कामा नये. २९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र उशाशी घेऊन चंद्रपूर शहर जगते आहे. तेथील उन्हाळा राज्यातील सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी आहे, आणि कोळशाची राख तेथल्याच माणसांच्या वाट्याला येते. पुण्या-ठाण्यातील इमारत कागदावर वाचविते ती वीज प्रत्यक्षात वाचत नसेल, तर तिचा भुर्दंड केवळ गाळेधारकाला पडत नाही. तो चंद्रपूरलाही पडतो.

हरित प्रमाणपत्रे बंद करावीत असे यातून कोणी समजू नये. त्यांनी वास्तुविशारदांना, व्यावसायिकांना आणि ग्राहकांनाही एक नवी दृष्टी दिली आहे. ज्यांनी मनापासून चांगल्या इमारती बांधल्या त्यांच्यासाठी तर मोजमाप ही आपत्ती नव्हे, न्याय आहे; कारण आज त्यांची तबकडी आणि कागदावर गुण मिळविणाऱ्याची तबकडी एकाच भिंतीवर एकसारखीच चमकते. दोघांतील फरक तळघरातील मीटरवर नोंदलेला आहे. तो वर्षातून एकदा वाचण्याची आणि वाचून जाहीर करण्याची व्यवस्था शासनाने करावी, एवढीच मागणी आहे.